पावसाळ्यात चुनकळी मरते तेव्हा: शिंपल्यांच्या चुन्यावर बायोडिझेलचा थर का पडत नाही

तेल आणि मेथनॉल यांची क्रिया घडवली की बायोडिझेल होतं आणि खाली ग्लिसरीन सुटतं. त्यासाठी तिसऱ्या, कालवं, मुळे या शिंपल्यांची कवचं भाजून चुनकळी करायची आणि कॉस्टिक सोड्याच्या जागी तीच उत्प्रेरक म्हणून घालायची, ही रीत रसायनशास्त्रात पक्की बसते. कॉस्टिक विरघळतो, बायोडिझेलमध्ये आणि ग्लिसरीनमध्ये उतरतो, मग धुण्यात पाणी जातं. चुना बराचसा घनरूपात राहतो, गाळून काढता येतो, पुन्हा वापरता येतो. कोकणात कवचांना तोटा नाही आणि शिंपल्यांचा चुना भाजायची रीत इथे जुनी आहे.

तरीही एक तक्रार दर पावसाळ्यात उगवते. एप्रिलमध्ये झकास चाललेली कृती जूनपासून फसते. तेल तेच, मेथनॉल तेच, कवचंही त्याच खाडीची. तीन तास ढवळून रात्रभर ठेवलं तरी बरणीत खाली पांढरा साका आणि वर तेलच. ग्लिसरीनचा तपकिरी थर दिसत नाही. कधी उलट होतं: थर पडतो, पण मधोमध लोण्यासारखा पांढरट पट्टा अडकून बसतो आणि हलत नाही.

अशा वेळी पहिला हात जातो तो चुना वाढवण्याकडे. चार टक्क्यांचे आठ टक्के करतात. तसं करू नका. मेलेला चुना दुप्पट घातला तरी मेलेलाच राहतो, आणि तेलात आम्ल जास्त असेल तर वाढीव चुन्याने साबण वाढतो. आधी चुना तपासा, मग तेल, मग मेथनॉल. क्रम हाच ठेवा, कारण दोष बहुतेक वेळा याच क्रमाने सापडतो.

पुढचं सगळं करण्याआधी मेथनॉलबद्दल. ते विष आहे: पोटात थोडं गेलं तरी डोळे जातात, जीवही जातो, आणि वाफ नाकातून, द्रव कातडीतून आत शिरतो. ११ अंश सेल्सिअसला त्याच्या वाफा पेट घेऊ शकतात आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. महाराष्ट्रात ते विषविषयक नियमांखाली येतं, म्हणून परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच, रीतसर नोंद करून घ्या. काम उघड्या पडवीत, चूल-शेगडीपासून लांब, भांडं बंद आणि वर कंडेन्सर (वाफ थंड करून परत द्रव करणारी नळी) लावून करा. तापवायला गरम पाण्याचं भांडं किंवा बंद हीटर, उघडी आच कधीच नाही. चुनकळी डोळ्यात गेली तर डोळा भाजतो, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे हवेतच.

चुनकळी का मरते

कवच म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. ९०० अंशांच्या आसपास ते कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, उरतो. उत्प्रेरकाचं काम हा ऑक्साइड करतो. हवेतला ओलावा लागला की त्याचा विरलेला चुना होतो आणि त्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड बसला की तो पुन्हा कार्बोनेटच्या, म्हणजे मूळ शिंपल्याच्या, वाटेला लागतो. विरलेला चुना या कामात फार मंद, कार्बोनेट तर निकामीच.

आता पावसाळ्यातली आपली हवा आठवा. भिंतींना घाम येतो, मीठ भांड्यात पाणी सोडतं. अशा हवेत पीठ केलेली चुनकळी उघडी राहिली तर तासाभरातच बिघडायला लागते. १०० ग्रॅम चुनकळी पूर्ण विरली की १३२ ग्रॅम होते. पण वजन ३ ग्रॅमनेच वाढलं म्हणून ‘दहा टक्केच तर गेलं’ असं समजू नका. ओलावा आधी वरच्या थराला खातो आणि तेल-मेथनॉलची गाठ पडते ती त्याच थराशी. आतला चांगला चुना मग नुसता बसून राहतो.

चुना तपासायच्या चार खुणा

वजन ही सर्वात खात्रीची. कवचं गोड्या पाण्यात घासून, मांस काढून, खारट चव जाईपर्यंत धुवा आणि कडकडीत वाळवून तोला. १ किलो कवचांमागे भाजल्यावर ५४० ते ५६० ग्रॅम उरले पाहिजेत. ६५० ग्रॅम उरले तर साधारण पाचवा भाग कच्चा आहे. ८०० उरले तर भट्टी पेटलीच नाही असं धरा.

दुसरी खूण कवच मोडून पाहायची. निवल्यावर एक जाड कालव घ्या आणि मधोमध मोडा. नीट भाजलेलं कवच कडेपासून गाभ्यापर्यंत सारखं पांढरं, खडूसारखं दिसतं आणि मोजा घातलेल्या बोटांत चुरतं. कच्च्याच्या पोटात राखाडी, चकचकीत पट्टी राहते, ती मोडताना टक् असा आवाज येतो. ती पट्टी म्हणजे न भाजलेला शिंपला. तिसऱ्यांचं कवच पातळ, ते लवकर भाजतं. कालवाचं जाड आणि पापुद्र्यांचं, त्याला वेळ लागतो. म्हणून दोन्ही एका घाण्यात मिसळू नयेत.

तिसरी खूण व्हिनेगरची. चिमूटभर पुडीवर चार थेंब टाका. नुसतं गरम झालं तर ठीक, बुडबुडे फसफसले तर कार्बोनेट आहे.

चौथी तापमानाची, आणि पावसाळ्यात प्रत्येक घाण्याआधी करायची ती हीच. स्टीलच्या पेल्यात ८० मिली पाणी घ्या, तापमान नोंदवा, २० ग्रॅम बारीक चुनकळी हळूहळू घालून काडीने ढवळा. ३ मिनिटांत पाणी ४० अंशांनी किंवा जास्त चढलं तर चुना जिवंत. दहा-पंधरा अंशांवर अडकलं तर तो चुना भिंतीला लावा, तेलात घालू नका. तोंड पेल्यावर नेऊ नका, शिंतोडे उडतात.

एक फसवी जागा आहे. चुना व्हिनेगरला फसफसत नाही, वजनही बरोबर, तरी पाणी हळूहळू तापतं. तो फार जळलेला चुना. १,००० अंशांच्या बऱ्याच वर तासन्‌तास राहिला की कण एकमेकांना चिकटून घट्ट होतात आणि कामाला लागणारा पृष्ठभाग आक्रसतो. कवचांवर मीठ राहिलं तर हे आणखी लवकर होतं.

भाजणं आणि साठवण

थोड्या मालासाठी विजेची मफल भट्टी उत्तम: ९०० अंश, पातळ कवचांना २ तास, जाडांना ३ ते ४. मोठ्या मालासाठी विटांची उभी भट्टी, तीत करवंट्यांचा कोळसा आणि कवचं यांचे आळीपाळीने थर, खालून भाता किंवा ब्लोअर. निखाऱ्याचा रंग पाहा. मंद लाल म्हणजे ७०० च्या आसपास, तिथे कार्बोनेट जवळजवळ ढिम्म राहतं. उजळ केशरी दिसायला हवा आणि तो तीन तास टिकायला हवा. साध्या चुलीत हे होत नाही.

झाकण लिंपलेल्या मडक्यात कवचं भाजू नका. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड कोंडला तर कार्बोनेट फुटायचं थांबतं, कितीही कोळसा जाळा. हवा खेळती हवी.

भाजलेला माल पूर्ण थंड होईपर्यंत बाहेर ठेवण्याची सवय पावसाळ्यात मोडली पाहिजे. १५० ते २०० अंशांवर असतानाच, चिमट्याने, कोरड्या स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. प्लॅस्टिकचा डबा वितळेल. डबा काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहील. कवचं अख्खीच ठेवा, पीठ आयत्या वेळी करा आणि बारीक चाळणीतून चाळून थेट मेथनॉलमध्ये टाका. डब्यावर भरल्या दिवशीचं एकूण वजन लिहा. पुढच्या वेळी झाकण न उघडता नुसतं तोलून कळतं की आत ओलावा शिरला का.

विरलेला चुना परत भाजता येतो. नुसतं पाणी ५०० अंशांच्या आसपास निघून जातं, पण पावसाळी हवेत राहिलेल्या चुन्यावर कार्बोनेटही चढलेलं असतं, म्हणून पुन्हा ९०० अंशच लागतात.

तेलाची आम्लता: लोण्याच्या पट्ट्याचं कारण

चुना जिवंत आहे आणि तरी मध्ये पांढरा पट्टा येतो, तर दोष तेलात आहे. भजी-मासे तळलेल्या तेलात मुक्त मेदाम्लं असतात, उंडीच्या बियांच्या तेलात तर अतोनात. ती चुन्याशी मिळून कॅल्शियमचा साबण करतात. सोड्याचा साबण पाण्यात विरघळतो, हा नाही. म्हणून पाण्याने धुतला की जात नाही, चिकट होऊन पसरतो.

हिशेब सोपा आहे. १ किलो तेलात १ टक्का मेदाम्लं असली तर ती १ ग्रॅम चुनकळी खातात आणि पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास साबण देतात. ५ टक्के असली तर ५ ग्रॅम चुना गेला, पण पन्नासेक ग्रॅम साबण आला. खरी अडचण साबणाची. तो चुन्याच्या कणांवर लेप चढवतो आणि ग्लिसरीनला सुटू देत नाही.

मोजायचं असं (याला टायट्रेशन म्हणतात): १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवा. १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकून, आधी नुसत्या अल्कोहोलला गुलाबी छटा यायला किती द्रावण लागतं ते पाहा. मग त्यात १ मिली तेल घालून थेंबथेंब द्रावण सोडा. गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. तेलानंतर लागलेल्या मिलीला ०.७७ ने गुणा, तेवढे टक्के मेदाम्लं. १.३ मिलीच्या आत असेल तर तेल थेट चुन्यावर चालतं. २.५ मिलीच्या वर असेल तर नाही. मधल्या तेलात ताजं तेल मिसळून आकडा खाली आणता येतो.

त्याहून आंबट तेलाला आधी आम्लाची पायरी लागते. उंडीच्या तेलात डिंक आणि राळही असते, म्हणून ते आधी फॉस्फोरिक आम्लाने निवळून घ्यावं. मग १ लिटर तेलाला २५० ते ३०० मिली मेथनॉल. त्यात ५ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने टाका, आम्ल मेथनॉलमध्ये, उलट कधीच नाही. हे मिश्रण तेलात घालून ६० अंशांवर २ तास ढवळा. स्थिरावल्यावर वर मेथनॉल, पाणी आणि आम्ल यांचा थर येतो, तो काढून टाका. पुन्हा मोजा. १ टक्क्याच्या खाली येईपर्यंत पायरी परत करा.

इथेच बऱ्याच जणांची गाडी अडते. तेलात उरलेलं सल्फ्युरिक आम्ल तसंच चुन्यावर नेतात. १ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल ०.५७ ग्रॅम चुनकळी खातं आणि तिचं जिप्सम करतं, तेही कणांच्या पृष्ठभागावर. आम्लाच्या पायरीनंतर तेल कोमट पाण्याने, धुवण निळ्या लिटमसला लाल करेनासं होईपर्यंत धुवा आणि नीट वाळवा.

पाणी: तेलातलं आणि मेथनॉलमधलं

तेल १०५ ते ११० अंशांवर बुडबुडे थांबेपर्यंत तापवा, हे मेथनॉल जवळ नसताना. खात्रीसाठी तापलेल्या तव्यावर दोन थेंब: चटचट आवाज आला तर पाणी आहे. बेसन आणि मसाल्याचा गाळ आधी कापडातून काढलेला असावा.

मेथनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि अर्धा रिकामा पिंप पावसाळ्यात ठेवला तर त्याच्यावर भरवसा नको. घनतामापी बुडवा. शुद्ध मेथनॉलची घनता २० अंशांना ०.७९१ आणि ३० अंशांना ०.७८२ च्या जवळ असते. दर १ टक्का पाण्याला ती सुमारे ०.००३ ने वाढते. ३० अंशांना ०.७८५ च्या वर गेलं तर ते मेथनॉल या कामाला घेऊ नका. ऊर्ध्वपातनाने परत मिळवलेलं मेथनॉल न मोजता वापरणं ही याच दोषाची दुसरी वाट.

मूळ घाणा कसा असावा

नवा माल आला की आधी २०० मिलीचा नमुना करा. १ लिटरचं प्रमाण असं: कोरडं तेल १ लिटर, चुनकळीची ताजी पूड ४० ग्रॅम, मेथनॉल ४०० मिली. कॉस्टिकला २५० मिली पुरतं, चुन्याला पुरत नाही, कारण इथे तेल, मेथनॉल आणि घन चुना असे तिघे एकत्र यायचे असतात. ५०० मिलीपर्यंत गेलं तरी हरकत नाही, पुढे नुसता ऊर्ध्वपातनाचा खर्च वाढतो.

आधी चुना आणि मेथनॉल ४५ ते ५० अंशांवर अर्धा तास ढवळा. या वेळात पृष्ठभागावर कॅल्शियम मेथॉक्साइड तयार होतं आणि कामाला सुरुवात जोमाने होते. मग ६० अंशांवरचं तेल घाला आणि ६० ते ६२ अंश धरून ३ तास ढवळा. ६४.७ ला मेथनॉल उकळतं, त्याच्या वर जाऊन काही मिळत नाही. ढवळणं जोरकस हवं. तळाला चुना बसलेला दिसला म्हणजे ढवळणी कमी पडते आहे, आणि मग तीनाचे सहा तास केले तरी उपयोग होत नाही.

झालं की नाही हे २७-३ च्या चाचणीने पाहा. स्थिरावलेल्या वरच्या थरातलं ३ मिली घ्या, २७ मिली स्वच्छ मेथनॉलमध्ये टाकून हलवा आणि अर्धा तास ठेवा. उजेडासमोर धरून बरणीचा तळ निरखा. सगळं एकजीव असेल तर रूपांतर चांगलं. तळाशी पिवळा, मण्यासारखा थेंब जमला, बरणी तिरकी केली की घरंगळला, तर ते न बदललेलं तेल. ही चाचणी २० ते २५ अंशांवरची आहे. मे महिन्याच्या उकाड्यात तेलाचा अंशही विरघळून जातो आणि खोटी पास मिळते, तेव्हा बरणी आधी माठातल्या पाण्यात ठेवा.

तिसऱ्या घाण्याला का फसतं

पहिला चांगला, दुसरा बरा, तिसरा अर्धवट, हेही नेहमीचं. वापरलेल्या चुन्यावर ग्लिसरीन आणि साबण बसतो, शिवाय दर वेळी थोडं कॅल्शियम विरघळून निघून जातं. सर्वात मोठी चूक म्हणजे तो गाळून उन्हात वाळवणं. वाळताना तो हवा आणि ओलावा पितो. त्याऐवजी गाळलेला लगदा मेथनॉलने एकदा धुवा आणि मेथनॉलखालीच, बंद बरणीत, पुढच्या घाण्यापर्यंत ठेवा. वापरलेल्या चुन्यावर कॅल्शियम आणि ग्लिसरीनचं एक संयुग तयार झालेलं असतं. तेही उत्प्रेरकाचं काम करतं आणि ताज्या चुनकळीइतकं हवेने बिघडत नाही. दर घाण्याला १० ग्रॅम ताजा चुना भर म्हणून घाला. तरीही मंदावला तर मेथनॉल पूर्ण उडवून, लगदा कोरडा करून ९०० अंशांवर परत भाजा. मेथनॉलने ओला लगदा भट्टीत घालणं म्हणजे स्फोटाला बोलावणं.

विरघळलेलं कॅल्शियम किती काम करतं हे पाहायचं तर एका तासानंतर अर्धं मिश्रण गरम असतानाच गाळा आणि चुन्याशिवाय पुढे ढवळा. रूपांतर जोरात चालूच राहिलं तर तुमचा चुना बराच विरघळतो आहे आणि पुढची धुलाई कसून करावी लागेल.

दिसायला छान, पण फिल्टर तुंबतो

बायोडिझेल सोनेरी, पारदर्शक, तरी इंजिनाचा फिल्टर चोंदतो, तर त्यात कॅल्शियमचा साबण आहे. पागोळीचं पाणी आणि बायोडिझेल सारखं घेऊन बाटलीत हलवा. दोहोंच्या सीमेवर पांढरी साय धरली तर शंका नको. शुद्ध बायोडिझेलचं भारतीय मानक आयएस १५६०७ आहे, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. नुसत्या कापडी गाळणीने तिथे पोचता येत नाही.

चुना पूर्ण गाळून काढल्यावरच मेथनॉल उडवा. चुना असताना उडवलं तर क्रिया उलटी फिरते. मग १ लिटरला १५० मिली कोमट पाण्यात ३ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून २० मिनिटं हलक्या हाताने ढवळा. साबण फुटतो, कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा साका पाण्यात आणि सीमेवर येतो. तो काढून साध्या पाण्याच्या दोन धुलाया, मग वाळवणं, मग बारीक फिल्टर. साबण फुटताना मेदाम्लं बायोडिझेलमध्ये परततात, म्हणून आम्लता पुन्हा मोजा. मानकाची मर्यादा ग्रॅममागे ०.५० मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड आहे. वरच्या टायट्रेशनमध्ये ०.३ मिली म्हणजे साधारण तिथेच आलात. तेवढ्या बारीक आकड्यासाठी १ मिलीऐवजी १० मिली नमुना आणि ५० मिली अल्कोहोल घेऊन उत्तराला १० ने भागा.

चुन्याऐवजी राख?

केळीच्या सालीची आणि खांबाची राख पोटॅशियम कार्बोनेटमुळे चांगलं काम करते. काळी राख चालत नाही, ६०० ते ७०० अंशांवर करडी-पांढरी होईपर्यंत जाळावी आणि वापरण्याआधी १२० अंशांवर दोन तास सुकवावी, कारण तीही ओलावा ओढते. मात्र पोटॅशियम मेथनॉलमध्ये उतरतं, त्यामुळे ती एकदाच वापरायची. नारळाच्या सोडणाच्या राखेत पोटॅशियमचा मोठा भाग क्लोराइडच्या रूपात असतो आणि क्लोराइड इथे काही करत नाही. खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सोडणात मीठही येतं. ऐन पावसात चुनकळी सांभाळणं जमतच नसेल तर केळीची राख घ्या, सोडणाची नको.

संपलेला चुना खाडीत किंवा माडांच्या आळ्यात लगेच टाकू नका. आधी त्यातलं मेथनॉल बंद भांड्यात तापवून कंडेन्सरने परत घ्या, वास पूर्ण गेल्यावर आठवडाभर छपराखाली पसरून ठेवा, आणि मग तो आंबट जमिनीत चुना म्हणून थोडा थोडा मिसळा.